नवरा-बायको दोघांनाही हेपटायटिस: विषाणूच्या जनुकांवरून माग कसा काढायचा

हर्नियाच्या ऑपरेशनआधी नवऱ्याचं रक्त तपासतात आणि रिपोर्टवर 'अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह' असा शेरा येतो, म्हणजे हेपटायटिस सीच्या विषाणूविरुद्धची अँटीबॉडी रक्तात सापडली. डॉक्टर म्हणतात, मिसेसचंही तपासून घ्या. आठवड्याने तिचाही रिपोर्ट तसाच येतो. मग परळच्या एखाद्या ओपीडीबाहेर, आपापल्या फायली मांडीवर घेऊन बसलेल्या त्या दोघांच्या मधे एक प्रश्न येऊन बसतो: कोणामुळे कोणाला? कित्येकदा तो त्यांच्याआधी घरच्यांनीच विचारलेला असतो. "आमच्याकडे असलं काही नव्हतं हो, लग्नानंतरच सुरू झालं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते कोणाच्या आईचं, कोणाच्या सासूचं हे आता आठवत नाही.

मी मुंबईतल्या मॉलिक्युलर प्रयोगशाळांमध्ये विषाणूंचं सिक्वेन्सिंग, म्हणजे त्यांच्या जनुकांतली अक्षरं ओळीने वाचण्याचं काम, करत आले आहे. या प्रश्नाचं उत्तर विषाणूच्या जनुकांत काही अंशी सापडतं. पण किती अंशी, हे न कळल्यामुळे माणसं दुखावली जातात. म्हणून हा लेख लिहिते आहे. वाचक म्हणून डोळ्यांपुढे आहेत ते फॅमिली डॉक्टर, समुपदेशक, मायक्रोबायोलॉजीचे विद्यार्थी, आणि अशा फायली घेऊन बसलेली जोडपीही. प्रयोगशाळेतला भाग जड वाटला तर जोडप्यांनी तो सोडून पुढे जावं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जनुकं 'नाही, हा विषाणू त्याच्याकडून आलेला नाही' हे बऱ्यापैकी ठामपणे सांगू शकतात. 'हो, दोघांचा विषाणू जवळचा नातेवाईक आहे' हे जपून सांगतात. आणि 'कोणी कोणाला दिला' हे बहुतेक वेळा सांगतच नाहीत.

कोणता विषाणू, आणि तो आत्ता रक्तात आहे का

हेपटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातून, अन्नातून येतात. पावसाळ्यात एकाच घरातल्या दोघांना कावीळ झाली तर बहुधा दोघांनी एकच पाणी प्यायलेलं असतं. तिथे नवरा-बायकोचा प्रश्नच नाही. आपला विषय बी आणि सी. बीला आपल्याकडे बरेच जण 'पांढरी कावीळ' म्हणतात. डी हा विषाणू बीच्या आधारानेच जगतो, म्हणून त्याचा वेगळा विचार इथे करत नाही.

सीच्या बाबतीत पहिली चूक इथेच होते. अँटीबॉडी सापडली म्हणजे विषाणू सापडला असं नाही. साधारण तीस टक्के लोकांचं शरीर सी आपणहून घालवून टाकतं. अँटीबॉडी मात्र मागे उरते. वाचायला विषाणूच नसेल तर जनुकं कुठून आणणार? म्हणून दोघांचीही एचसीव्ही आरएनए तपासणी हवी, रक्तात खुद्द विषाणू आहे का ते सांगणारी. दोघांपैकी एकाचाच आरएनए पॉझिटिव्ह असेल तर जनुकांवरून माग काढण्याचं काम तिथेच थांबतं, आणि हे जोडप्याला स्पष्ट सांगायला हवं. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, फार कमी, शेकड्यांत असेल, तर पुरेसा लांब तुकडा पीसीआरने (जनुकांच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तंत्राने) वाढवताना अनेकदा हाती काही लागत नाही. बीसाठी एचबीएसएजी (विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) पॉझिटिव्ह हवा आणि डीएनए पुरेसा हवा.

दुसरी गोष्ट वेळेची. सीवरचे आजचे उपचार, म्हणजे सोफोसबुव्हिरसोबत डॅक्लाटास्व्हिर किंवा वेलपाटास्व्हिर, बहुतेकांना १२ आठवड्यांत बरं करतात आणि ९५ टक्क्यांच्या आसपास यश देतात. राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ला सुरू झाला, तेव्हापासून सरकारी केंद्रांवर ही औषधं मोफत मिळतात. पण गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच आठवड्यांत रक्तातला विषाणू दिसेनासा होतो आणि माग काढण्याची संधी जाते. म्हणून सॅम्पल गोळ्यांच्या आधी घ्यायचं. याचा उलटा अर्थ मात्र कोणी काढू नये. सिक्वेन्सिंगसाठी उपचार एक दिवसही लांबवायचे नाहीत. रक्त काढा, प्लाझ्मा उणे ८० अंशांवर ठेवा आणि त्याच दिवशी औषध सुरू करा. माग सहा महिन्यांनीही काढता येतो.

बीचं गणित वेगळं आहे

इथे थोडं थांबते, कारण या एका मुद्द्यावरून मी संसार मोडायला निघालेले पाहिलेत.

बी लैंगिक संबंधातून पसरतो, सीपेक्षा कितीतरी सहज. हे खरं आहे. पण निरोगी प्रौढ माणसाला बीची लागण झाली तर शंभरातल्या पंच्याण्णवांच्या आसपास लोकांचं शरीर तो सहा महिन्यांत संपवतं. कायमचा राहतो तो मुख्यतः बाळपणी शिरलेला विषाणू: जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळांत तो ठाण मांडतो. याचा अर्थ काय? नवरा-बायको दोघांचाही एचबीएसएजी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह असेल, तर 'एकाने दुसऱ्याला दिला' यापेक्षा 'दोघांनाही आपापल्या आईकडून किंवा लहानपणीच्या घरातून मिळाला' ही शक्यता आधी तपासायला हवी. आपल्या देशात बीची लस सार्वत्रिक लसीकरणात देशभर आली ती २०११च्या सुमारास. आज जे तिशी-पस्तिशीत आहेत त्यांच्या लहानपणी ती सरसकट मिळत नव्हती.

म्हणून बीच्या जोडप्यात सिक्वेन्सिंगच्या आधी एक स्वस्त तपासणी करा: दोघांच्या आईचा आणि भावंडांचा एचबीएसएजी. बायकोच्या माहेरी दोन भावंडं पॉझिटिव्ह निघाली तर उत्तर बहुतेक मिळालंच, आणि शिवाय दोन माणसांचा उपचार वेळेवर सुरू होतो. हे काम सिक्वेन्सरपेक्षा मोलाचं आहे असं माझं मत आहे.

दोघांशी वेगवेगळं बोला

नवऱ्यासमोर बायको आणि बायकोसमोर नवरा सगळं सांगत नाहीत. दोघांना वेगवेगळ्या खोलीत, वेगवेगळ्या वेळी बसवा. प्रश्न लैंगिक संबंधांपासून सुरू करू नका, रक्तापासून करा. रक्त चढवलं होतं का, बाळंतपणात, सिझेरियनमध्ये, अपघातात? ते रक्तपेढ्यांत सीची तपासणी सक्तीची होण्याआधीचं आहे का? डायलिसिस? गल्लीतल्या डॉक्टरकडे तापासाठी इंजेक्शन, अशक्तपणासाठी सलाईन? जुन्या पिढीतल्यांना उकळलेल्या काचेच्या सिरिंजबद्दल विचारा. जत्रेतलं गोंदण, रस्त्याकडेचा टॅटू, नाक-कान टोचणं, सलूनमधला वस्तरा, दाताचं काम, नसेतून नशा. सुई टोचल्याची घटना वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार, नर्स यांना खास विचारावी लागते, कारण ती त्यांना घटना वाटतच नाही.

प्रत्येक गोष्टीपुढे वर्ष लिहा. वर्ष आठवत नसेल तर 'थोरल्याच्या जन्माआधी की नंतर', 'चाळीत असताना की नव्या खोलीत' असं विचारा. लग्नाचं वर्ष, एकत्र राहायला लागल्याचं वर्ष, नवरा नोकरीसाठी बाहेर असल्याचा काळ, हे सगळं एका रेषेवर मांडा. पुढे जनुकांवरून जो काळ निघेल तो या रेषेवरच ठेवून पाहायचा आहे.

आणि एक प्रश्न दोघांनाही: तुम्ही दोघं एकाच डॉक्टरकडे जाता का? हा प्रश्न विसरला तर पुढचं सारं काम फसतं. नवरा-बायको एकाच गल्लीतल्या एकाच दवाखान्यात एकाच पावसाळ्यात इंजेक्शनं घेतात. सुई तीच असेल तर दोघांना एकच विषाणू मिळेल, आणि त्यांचे सिक्वेन्स सख्ख्या भावंडांसारखे दिसतील. जनुकं खरं बोलतील, आपण मात्र चुकीचा अर्थ लावू. गुजरातेतल्या मोडासा भागात २००९ साली बीची मोठी साथ आली, पुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंजमधून. तिथल्या कित्येक रुग्णांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता; संबंध होता तो सुईशी.

संमतीही वेगवेगळी घ्या, प्रत्येकाची सही वेगळ्या कागदावर. त्या कागदावर तीन गोष्टी साध्या मराठीत असाव्यात: निष्कर्ष कोणाला सांगायचा, कोणाला सांगायचा नाही, आणि उरलेल्या सॅम्पलचं काय करायचं. 'दोघांना एकत्रच सांगा' असं दोघंही लिहून देत असतील तर उत्तम. सासरच्यांना, माहेरच्यांना, मालकाला रिपोर्ट दाखवला जाणार नाही हेही लिहा. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात लावण्यासाठी हा कागद हवा आहे, असा वास आला तर मी काम हाती घेत नाही. न्यायालयाने आदेश दिला तर गोष्ट वेगळी. तेव्हा सॅम्पल कोणी, कधी, कोणाच्या हाती दिलं याची साखळी लेखी ठेवावी लागते.

सॅम्पल: दोन माणसं, दोन दिवस

प्रत्येकाच्या दोन ईडीटीए ट्यूब घ्या. हेपरिनची ट्यूब नको, त्याने पीसीआर बिघडतो. काही तासांतच, शक्यतो सहा तासांच्या आत, प्लाझ्मा वेगळा करून लहान लहान भागांत गोठवा, म्हणजे पुन्हा पुन्हा वितळवावा लागणार नाही. विरारला रक्त काढलं आणि प्रयोगशाळा परळला असेल तर जुलैमध्ये हिंदमाताला पाणी भरल्यावर काय होतं ते मुंबईकराला सांगायला नको. रक्त तिकडेच सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा बर्फात पाठवा.

आता या लेखातली प्रयोगशाळेसाठी सर्वांत महत्त्वाची सूचना. नवरा-बायकोचं सॅम्पल एकाच दिवशी, एकाच रॅकमध्ये, एकाच माणसाने कधीही प्रोसेस करू नये.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. ज्या प्रयोगशाळेत काम करत होते तिथे एका जोडप्याच्या ट्यूब शेजारी शेजारी ठेवून आरएनए काढला गेला. सिक्वेन्स आले ते अक्षर न् अक्षर सारखे. सगळ्यांना वाटलं, सिद्ध झालं. माझ्या वरिष्ठ बाईंना मात्र ते जास्तच सारखे वाटले. सी इतक्या भराभर बदलतो की वर्षानुवर्षं दोन शरीरांत राहिलेले विषाणू हुबेहूब सारखे राहत नाहीत. त्यांनी दुसऱ्या ट्यूब काढायला लावल्या, आठवड्याच्या अंतराने, वेगळ्या टेबलावर. यावेळी दोघांत वीसच्या वर अक्षरांचा फरक निघाला. पहिल्या खेपेला एकाचा थेंब दुसऱ्याच्या ट्यूबमध्ये गेला होता. तो रिपोर्ट बाहेर गेला असता तर काय झालं असतं, हा विचार अजूनही मला झोपेतून उठवतो.

म्हणून: वेगळे दिवस, प्रत्येक खेपेत विषाणू नसलेला कंट्रोल, पीसीआरआधीची आणि नंतरची खोली वेगळी, आणि निष्कर्ष दुसऱ्या ट्यूबवरून पुन्हा पडताळलेला. हे चार नसतील तर 'जुळतात' असं लिहायचा अधिकार आपल्याला नाही.

जीनोटाइप म्हणजे आडनाव

सीचे आठ मुख्य जीनोटाइप, म्हणजे जनुकांवरून पाडलेले प्रकार, आहेत. आठवा २०१८ साली कॅनडात, मूळच्या पंजाबच्या रुग्णांत सापडला. भारतात सर्वांत जास्त आढळतो तो ३, त्याखालोखाल १. दोन जीनोटाइपमध्ये सुमारे ३० टक्के अक्षरं वेगळी असतात, उपप्रकारांत (३ए, १बी असे) १५ ते २५ टक्के.

नवऱ्याचा ३ए आणि बायकोचा १बी निघाला तर विषय संपला. आत्ता त्यांच्या रक्तात असलेले विषाणू एकमेकांकडून आलेले नाहीत. एकाच माणसात दोन प्रकार असण्याची दुर्मिळ शक्यता उरते, ती तपासून घ्यावी. पण दोघांचाही ३ए निघाला तर काय सिद्ध झालं? काहीच नाही. दोन माणसांचं आडनाव पाटील आहे एवढंच कळलं. महाराष्ट्रात पाटील किती! दोघं खरंच चुलतभाऊ आहेत का हे कळायला त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहिताकडच्या चोपड्या उघडाव्या लागतात, पणजोबा कुठे एक होतात ते पाहावं लागतं. 'जीनोटाइप सारखा, म्हणजे नवऱ्याकडूनच' असं एखादा डॉक्टर सहज बोलून जातो, तेव्हा तो चोपडी न उघडता वारस ठरवत असतो.

कोणता तुकडा वाचायचा

पोथ्या हाताने उतरवायचे तेव्हा उतरवणाऱ्याच्या चुका पुढच्या प्रतीत जायच्या. दोन पोथ्यांत तीच विचित्र चूक त्याच ओळीत असेल तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरवल्या आहेत, असं अभ्यासक म्हणतात. विषाणूचंही तसंच. सीचा आरएनए सुमारे ९,६०० अक्षरांचा आहे आणि त्याची नक्कल करणारं एन्झाइम चुका दुरुस्त करत नाही.

काही ओळी मात्र अशा असतात की तिथे चूक झाली तर विषाणू जगतच नाही, म्हणून त्या सगळ्यांत सारख्याच राहतात. ५' यूटीआर हा असा भाग आहे. जीनोटाइप ठरवणारे बरेच किट नेमका तोच वाचतात. जीनोटाइपसाठी तो चालतो, नातं शोधायला निरुपयोगी. नात्यासाठी एनएस५बी आणि कोर-ई१ हे तुकडे घ्यावेत. फारच जवळचं नातं तपासायचं असेल तर ई२मधला हायपरव्हेरिएबल भाग, ८१ अक्षरांचा, जो प्रतिकारशक्तीला चुकवत सारखा बदलत असतो. एकाच तुकड्यावर विसंबू नका. दोन वेगवेगळे तुकडे एकच गोष्ट सांगत असतील तर विश्वास ठेवायला आधार मिळतो.

बीचा डीएनए फक्त सुमारे ३,२०० अक्षरांचा आणि सीपेक्षा खूपच सावकाश बदलणारा. त्याचा एस जीनचा छोटा तुकडा घेतला तर अनोळखी माणसांचे विषाणूही जुळे वाटतात. भारतात बीचे डी आणि ए हे जीनोटाइप (हेपटायटिस डी आणि ए नव्हेत) जास्त आहेत, त्यामुळे हा धोका अधिकच. बीच्या बाबतीत पूर्ण जीनोमच वाचावा.

हे सगळं नेहमीच्या पॅथॉलॉजी लॅबच्या दरपत्रकात मिळत नाही. मेडिकल कॉलेजचा मायक्रोबायोलॉजी विभाग आणि संशोधन संस्था यांच्या मदतीनेच ते होतं. मुंबईत सोय वाढली आहे. ऑगस्ट २०२१मध्ये महापालिकेने कस्तुरबा रुग्णालयात जीनोम सिक्वेन्सिंगची प्रयोगशाळा सुरू केली, ती कोविडसाठी. पण यंत्र आणि यंत्रावर बसलेला हात, दोन्ही इतर विषाणूंनाही उपयोगी पडू शकतात.

शेजारीपाजारी हवेतच

कमी अनुभवाच्या प्रयोगशाळा जी पायरी गाळतात ती ही. दोघांचे सिक्वेन्स एकमेकांजवळ आहेत हे कशाच्या तुलनेत? तुलनेला जेनबँक या सिक्वेन्सच्या सार्वजनिक साठ्यातून फक्त युरोप-अमेरिकेचे सिक्वेन्स घेतले तर मुंबईतली कुठलीही दोन माणसं वंशवृक्षावर शेजारी बसतील. त्याचं कारण मुंबई, लग्न नव्हे.

म्हणून त्याच उपप्रकाराचे, एकमेकांशी संबंध नसलेले निदान वीस-तीस स्थानिक रुग्णांचे सिक्वेन्स हवेत. शिवाय दोघांच्या प्रत्येक सिक्वेन्ससाठी ब्लास्ट या शोध-प्रोग्रामने जेनबँकेतले सर्वांत जवळचे शोधून घालावेत. मुंबई ही बाहेरून आलेल्यांची. नवरा लहानपणी बिहारमध्ये असेल आणि बायको रत्नागिरीची, तर तिकडचेही नमुने जमतील तितके घ्या. बायकोचा विषाणू नवऱ्यापेक्षा माहेरच्या भागातल्या अनोळखी रुग्णाच्या जास्त जवळ निघाला, तर ते फार मोठं उत्तर आहे.

अक्षरं मोजताना

समजा एनएस५बीचा ३८० अक्षरांचा तुकडा दोघांचा वाचला, दोन्ही दिशांनी. सिक्वेन्स एकाखाली एक लावले. एक उदाहरण करू.

पहिल्या जोडप्यात ४ जागी फरक आहे: ३८०त ४, म्हणजे साधारण १ टक्का. दुसऱ्या जोडप्यात २५ जागी: साडेसहा टक्के. स्थानिक अनोळखी रुग्णांत आपापसात सहा-सात टक्के फरक आढळत असेल, तर दुसरं जोडपं अनोळखी माणसांइतकंच दूर आहे. पहिलं खरंच जवळ आहे.

आता काळ. सीच्या जीनोममध्ये दर जागी दर वर्षी ढोबळमानाने हजारात एक बदल होतो. एनएस५बीत तो वेग निम्म्यापर्यंत खाली येऊ शकतो. दोन्ही शरीरांत बदल होतात, म्हणून दोनने भागायचं. पहिल्या जोडप्याचा समान पूर्वज पाच ते दहा वर्षांपूर्वीचा निघतो. दुसऱ्याचा तेहतीस वर्षांपूर्वीचा किंवा त्याहूनही जुना. त्यांच्या लग्नाला बारा वर्षं झाली असतील तर विषाणूंची शाखा लग्नाच्या कितीतरी आधी फुटली होती. हा अंदाज आहे, पंचांग नव्हे. आणि समान पूर्वजाचं वर्ष म्हणजे लागणीचं वर्ष नव्हे. एकाच शरीरात आधीपासून वेगवेगळ्या शाखा असू शकतात, त्यामुळे प्रत्यक्ष लागण त्यानंतरची असते.

फरक मोजून थांबू नका, वंशवृक्ष काढा. मेगा किंवा आयक्यू-ट्री ही मोफत सॉफ्टवेअर पुरतात. मॅक्झिमम लाइकलिहूड पद्धत वापरा, हजार बूटस्ट्रॅप द्या, म्हणजे फांदी किती पक्की आहे याची शंभरपैकी आकड्यांत पडताळणी होते. स्थानिक नमुन्यांच्या गर्दीतही जोडपं एका फांदीवर एकत्र राहिलं आणि बूटस्ट्रॅप ९०च्या वर असेल, तर नातं आहे असं म्हणायला आधार आहे. सत्तरच्या खाली असेल तर गप्प राहा.

मोठ्या प्रमाणावर हे करून पाहिलेल्या अभ्यासांत काय दिसलं, ते जोडप्यांना सांगण्यासारखं आहे. इटलीत ८९५ एकनिष्ठ जोडपी दहा वर्षं पाहिली, त्याचा अहवाल २००४ साली आला. त्या काळात तीन जोडीदारांना सी झाला. एकाचा जीनोटाइपच वेगळा होता, उरलेल्या दोघांचा सारखा. पण एनएस५बीच्या वंशवृक्षाने दाखवलं की त्यांचेही विषाणू जोडीदाराचे नव्हते. अमेरिकेत ५०० जोडप्यांच्या अभ्यासात, २०१३ साली, २० जोडीदारांत सीची खूण मिळाली. जनुकांवरून एकमेकांकडून आला असावा असं म्हणता आलं ते फक्त तीन जोडप्यांत. लैंगिक संबंधातून सी जाण्याचा धोका त्यांनी जास्तीत जास्त धरला तरी सुमारे १ लाख ९० हजार संबंधांमागे एक इतका निघाला. या जोडप्यांत एचआयव्ही नव्हता. एचआयव्ही सोबत असेल तर धोका वाढतो.

कोणाकडून कोणाकडे

समजा, नातं निघालं. आता घरचे विचारतात, मग आधी कोणाला? साध्या सँगर सिक्वेन्सिंगने, ज्यात प्रत्येकाचा एकच सरासरी सिक्वेन्स मिळतो, हे कळत नाही. भावंडांच्या चेहऱ्यावरून ती भावंडं आहेत हे दिसतं, थोरलं कोण ते दिसत नाही.

एका माणसात एकच विषाणू नसतो, थोडे थोडे वेगळे हजारो असतात. वारीतल्या एका दिंडीसारखं, पताका एक पण चेहरे अनेक. लागण होताना त्यांतले मोजकेच पलीकडे जातात. डीप सिक्वेन्सिंगने दोघांतले अनेक विषाणू वाचले, आणि बायकोची सगळी फांदी नवऱ्याच्या फांद्यांच्या मधूनच फुटलेली दिसली, तर नवऱ्याकडून बायकोकडे ही दिशा सुचते. सुचते इतकंच. वर्षं लोटली की ही खूण पुसट होते. आणि आपण ज्याचं रक्त तपासलंच नाही असा तिसरा माणूस, किंवा ती गल्लीतली सुई, वंशवृक्षावर कधीच दिसत नाही.

स्पेनमध्ये व्हॅलेन्सियातल्या एका भूलतज्ज्ञाच्या खटल्यात सीच्या जनुकांचा फार मोठा पुरावा उभा राहिला. २००७ साली २७५ रुग्णांना लागण केल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. पण त्याच कामातून ४७ जण वगळलेही गेले. त्यांचा विषाणू त्याच्याकडून आलेला नव्हता. आणि जोडीला रुग्णालयाच्या नोंदी होत्या, कोणाची शस्त्रक्रिया कधी झाली, भूल कोणी दिली. नवरा-बायकोच्या आयुष्याच्या अशा नोंदी नसतात, आणि नसाव्यात.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं

'नवऱ्याकडून पत्नीला संसर्ग' असं कधीच लिहू नका. मी वापरते ती वाक्यं देते, हवी तर जशीच्या तशी घ्या.

न जुळल्यास: 'दोन्ही नमुन्यांतील विषाणू तपासलेल्या भागांत एकमेकांच्या निकटचे नाहीत. सध्याचा संसर्ग या दोन व्यक्तींमध्ये एकमेकांकडून झाला असण्याची शक्यता हे निष्कर्ष जवळजवळ नाकारतात.'

जुळल्यास: 'दोन्ही नमुन्यांतील विषाणू स्थानिक नमुन्यांच्या तुलनेत निकटचे आहेत. एकमेकांकडून, तिसऱ्या व्यक्तीकडून किंवा समान वैद्यकीय स्रोतातून संसर्ग, या तिन्ही शक्यतांशी हे सुसंगत आहे. संसर्गाची दिशा यावरून ठरवता येत नाही.'

ठरत नसल्यास तसंच लिहा, आणि का ठरत नाही तेही: विषाणू कमी, तुकडा लहान, स्थानिक नमुने अपुरे.

रिपोर्ट हातात देऊन पाठवू नका. दोघांना समोर बसवा, वाचून दाखवा. दुसऱ्या प्रकारचा रिपोर्ट असेल तर 'तिसऱ्या व्यक्तीकडून' या शब्दांवर नजर अडकते आणि सुई राहून जाते. म्हणून मी इतिहासातली सुई आधी बोलते: "तुम्ही दोघं २०१५ला त्या डॉक्टरांकडे सलाईन घेत होता ना?" संशय आणण्यासाठी नव्हे, तर ती शक्यता खरोखर मोठी असते म्हणून.

घरी गेल्यावर

थोडक्यात सांगते. ताट-वाटी, अंथरूण, संडास वेगळं करायची गरज नाही. वस्तरा, टूथब्रश, नेलकटर आपापलं. एकमेकांशी एकनिष्ठ असलेल्या सीच्या जोडप्यांना काँडोम लागतोच असं नाही. जखम आणि रक्त सांभाळा. मुलांची तपासणी करून घ्या, आई पॉझिटिव्ह असेल तर नक्कीच. बी असेल आणि जोडीदार निगेटिव्ह असेल तर लस: पहिली, महिन्याने दुसरी, सहाव्या महिन्याला तिसरी; शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लसीने तयार झालेली अँटीबॉडी) दहाच्या वर आहे का ते पाहायचं, आणि तोपर्यंत काँडोम. बी असलेल्या आईच्या बाळाला पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांत, आणि इम्युनोग्लोब्युलिनबद्दल (तयार अँटीबॉडीच्या इंजेक्शनबद्दल) प्रसूतीच्या आधीच विचारून ठेवायचं.

दोघांनाही सी असेल तर उपचार एकदमच सुरू करावेत, असा माझा आग्रह असतो. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए तपासायचा.

आणि फ्रीझरमधली ती जुनी ट्यूब फेकू नका, संमती असेल तोवर. बरं झालेल्यांपैकी एखाद्याचा आरएनए वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा पॉझिटिव्ह येतो. तेव्हा उपचाराआधीचा सिक्वेन्स शेजारी ठेवला की लगेच कळतं, जुनाच विषाणू डोकं वर काढतोय की नवा शिरलाय. जुना असेल तर औषध बदलावं लागतं. नवा असेल तर कुठली तरी सुई, कुठला तरी वस्तरा अजून चालू आहे, आणि तो शोधायला दुसऱ्या दिवशी सकाळी निघावं लागतं.